प्रॉम्प्ट लिहिण्याआधी कान तयार करा

एआयकडून गाणं करून घ्यायचं असेल तर प्रॉम्प्ट, म्हणजे त्याला द्यायचं लेखी वर्णन, लिहिण्याआधी थोडा वेळ स्क्रीनपासून लांब, वही घेऊन बसा. गाणं कशासाठी हवंय, किती लांबीचं, त्यात गायन हवं की नुसती वाद्यं, एवढं आधी लिहून ठेवा. निवेदनाच्या मागे वाजणारं संगीत हवं असेल तर गाणारा आवाज बोलणाऱ्यावर कुरघोडी करतो, म्हणून तिथे 'इन्स्ट्रुमेंटल'चा पर्याय आधीच ठरवून टाका.

त्यानंतरचं काम ऐकण्याचं, आणि माझ्या मते सगळ्या तयारीत मोलाचं हेच. मनातल्या कल्पनेच्या जवळची दोन-तीन गाणी निवडा आणि पुन्हा पुन्हा ऐका. एकदा नुसता ठेका ऐका. पंधरा सेकंदांतले ठोके मोजून चारने गुणलं की बीपीएम, म्हणजे मिनिटाचे ठोके, हाती येतात. मग वाद्यं ओळखा: गिटार असेल तर नायलॉनच्या तारांची की स्टीलच्या, बोटांनी छेडलेली की पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चपट्या तुकड्याने. नंतर गाणाऱ्याकडे लक्ष द्या. आवाज खर्जातला आहे की टिपेचा, श्वास ऐकू येतो का, गायक माइकला चिकटून गातोय की मोठ्या दालनातून आवाज घुमत येतोय? ऐकू येईल ते सगळं साध्या शब्दांत टिपून ठेवा.

या टिपणांचा उपयोग का होतो, तेही सांगते. गाणी बनवणारी एआय मॉडेलं संगीत आणि त्याचं शब्दांतलं वर्णन यांची सांगड घालायला शिकलेली असतात. गुगलने २०२३ साली म्युझिकएलएम या मॉडेलसोबत ५,५२१ संगीततुकड्यांचा एक संच खुला केला. त्यातल्या प्रत्येक तुकड्याचं वर्णन संगीतकारांनी लिहिलेलं आहे, आणि त्यात वाद्यं, लय, भाव, रेकॉर्डिंगचा दर्जा अशा ऐकून सांगता येणाऱ्या गोष्टी येतात. आपला प्रॉम्प्ट त्याच भाषेत बोलला तर मॉडेलला तो कळतो. मी एकदा अंगाईसाठी 'मायेनं ओथंबलेलं, काळजाला भिडणारं गाणं' असं लिहिलं होतं. उत्तरादाखल भलामोठा पियानो आणि चढत जाणारी व्हायोलिनं आली, जागं बाळ रडायला लागावं अशी. मग लिहिलं: अंगाई, ६/८ चा ठेका, ७० बीपीएम, नायलॉन तारांची गिटार, एकच स्त्रीस्वर, हलका, माइकच्या अगदी जवळ. दुसऱ्याच प्रयत्नात मला हवी होती ती शांतता मिळाली. भावनेचा शब्द लिहूच नये असं नाही, एखादा जरूर असू द्या. पण ती भावना कोणत्या आवाजातून येणार, हेही त्याच्या शेजारी असायला हवं.

वर्णन लिहिताना संगीतप्रकार सुरुवातीला, मग लय, मुख्य वाद्यं, गायनाचा पोत आणि शेवटी रेकॉर्डिंगचा बाज, असा क्रम मला मानवतो. वाद्यं दोन-तीनच ठेवा, दहा नावं कोंबली की सगळ्यांचा गोंगाट होतो. बीपीएमचा आकडा मॉडेल तंतोतंत पाळेलच असं नाही, ७० सांगितल्यावर १४० सारखी धावणारी लयही येऊ शकते, म्हणून आकड्याबरोबर 'संथ' हा शब्दही द्या. शैलीचं हे वर्णन इंग्रजीत लिहिलेलं सहसा जास्त कामी येतं. नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असेल तर तोच वापरा. मुख्य वर्णनात 'ड्रम नकोत' लिहिलं तरी 'ड्रम' हा शब्द तिथे जातोच, आणि कधी कधी नेमके ड्रमच वाजतात.

गायकाचं नाव लिहायचा मोह आवरा. अनेक सेवा अशी नावं स्वीकारत नाहीत, आणि दुसऱ्याचा आवाज त्याला न विचारता उचलणं मला पटत नाही. त्या आवाजातलं काय आवडतं, ते लिहा.

शब्द तुमचे असतील तर ते वेगळे तयार ठेवा. सुनोसारख्या सेवेत शैली आणि शब्द यांचे रकाने निराळे असतात, शब्दांमध्ये चौकटी कंसात 'व्हर्स', 'कोरस', 'ब्रिज' अशा खुणा इंग्रजीत टाकल्या की कडवं कुठे आणि ध्रुवपद कुठे ते कळतं. ओळी मोठ्यानं म्हणून बघा. एका ओळीत आठ अक्षरं आणि पुढच्या ओळीत सतरा असतील तर गाणारा आवाज धापा टाकतो. मराठी शब्द असतील तर उच्चारांकडे विशेष लक्ष हवं. 'चंद्र' आणि 'चांदणं' यांतला च वेगळा, पण लिहिताना अक्षर एकच, त्यामुळे यंत्र फसतं. 'मन' हा शब्द 'मना' असा ताणला गेला की अर्थच बदलतो. अडणारे शब्द आधी हेरून त्यांना पर्याय शोधून ठेवा. चाल सुचली असेल तर फोनवर गुणगुणून रेकॉर्ड करा, काही साधनं ती ऐकून पुढे नेतात.

हक्कांचं आधी बघा. गाणं विकायचं किंवा प्रसिद्ध करायचं असेल तर त्या सेवेतल्या तुमच्या योजनेच्या (प्लॅनच्या) अटी वाचा. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटलंय की केवळ प्रॉम्प्ट लिहिल्याने कर्तेपण मिळत नाही. म्हणून स्वतः लिहिलेले शब्द, रचलेली चाल, त्यांचे कच्चे खर्डे तारखेसह जपून ठेवा.

आणि वहीचं एक पान कोरं राखा. प्रत्येक प्रयत्नात एकच गोष्ट बदला, वाद्य किंवा लय किंवा आवाज, आणि काय बदललं, काय ऐकू आलं ते तिथे लिहा. पहिलं ऐकणं हेडफोनवर, दुसरं फोनच्या छोट्या स्पीकरवर.