स्वाधारच्या पैशात सांगलीत खोली: कागद कुठून सुरू करायचे

बाहेर खोली घेऊन शिकणाऱ्यांसाठीच्या सरकारी स्वाधार योजनेचा फॉर्म भरणं हे सगळ्यात सोपं काम आहे. सांगलीच्या विश्रामबागेत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, रोज तेच करते म्हणून सांगते. नाव, जन्मतारीख, मार्क, फोटो अपलोड, संपलं. मोबाइलवर स्वतः भरलात तर माझे पैसेही द्यावे लागणार नाहीत. अडतं ते पुढे, खोलीच्या कागदापाशी. पोरं जूनमध्ये खोली घेतात, तोंडी ठरवतात, भाडं रोख देतात, आणि फॉर्म सुरू झाला की दोन महिन्यांनी मालकाकडे करार मागायला जातात. तोवर मालकाला वाटतं, हे काहीतरी भलतंच लचांड आहे.

आधी योजना थोडक्यात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना 2016-17 पासून चालू आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी. अकरावीपासून पुढे शिकत असाल आणि सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर बाहेर खोली घेऊन राहायचं, मेसला जेवायचं, आणि त्याची रक्कम सरकार तुमच्या बँक खात्यात टाकतं. पालकांचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत लागतं. आधीच्या परीक्षेत 50 टक्के, दिव्यांगांना 40. आणि कॉलेज ज्या गावात, त्या गावचे तुम्ही रहिवासी असून चालत नाही. आदिवासी मुलांसाठी अशीच स्वयम योजना आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी 2024 पासून ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, मराठा मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. अटी आणि रकमा प्रत्येकाच्या आपापल्या, पण खोलीच्या कागदांची कटकट सगळीकडे सारखीच.

पैसे किती, ते गावावर ठरतं. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूरला वर्षाला 60,000. बाकीच्या महापालिकांत 51,000, म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड यातच आलं. साताऱ्यात महापालिका नाही, नगरपालिका आहे, म्हणून तिथे जिल्ह्याच्या ठिकाणचा दर, 43,000. तालुक्याच्या गावी 38,000. मेडिकल-इंजिनीअरिंगला वह्या-पुस्तकांसाठी वर 5,000 मिळतात, बाकीच्यांना 2,000.

आता सांगलीच्या 51,000 ची फोड बघा: जेवणाचे 28,000, राहण्याचे 15,000, वरखर्चाचे 8,000. दहा महिने धरले तर खोलीला महिन्याला दीड हजार. दीड हजारात विश्रामबागेत एकट्याला खोली मिळेल या भ्रमात राहू नका. साडेचार हजारांची खोली तिघांत, हा खरा हिशोब. मेसला महिन्याला 2,800 पडतात, त्यात दोन वेळचं जेवण ओढूनताणून बसतं. रविवारची रात्र बहुतेक मेस बंद असते, तो वडापाव वरखर्चातून.

अमेरिकेतही गरीब कुटुंबांना भाड्याची व्हाउचरं मिळतात, 1974 च्या कायद्यापासून. सेक्शन 8 म्हणतात त्याला. माझी भाची तिकडे असते, तिने समजावून सांगितलं. कुटुंबाने उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के भाडं भरायचं, उरलेलं तिथलं सरकारी कार्यालय थेट घरमालकाला देतं, आणि त्याआधी घर तपासून जातं. रांग मात्र वर्षानुवर्षांची. आपल्याकडे उलटं आहे. पैसे तुमच्या खात्यात, मालकाला सरकार ओळखतही नाही, आणि रक्कम येते तोवर अर्धं वर्ष सरलेलं असतं. म्हणून मालकाला कधीही "स्वाधारचे आले की देतो" म्हणू नका. पहिल्या चार-पाच महिन्यांचं भाडं घरून आणायची तयारी ठेवा, आणि खोली बघतानाच तेवढं झेपतंय का ते घरी बसून ठरवा.

खोली ठरली की सामान टाकायच्या आधी करार. लीव्ह अँड लायसन्स, 11 महिन्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदलेला पाहिजे, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन होते, अंगठा आणि फोटो घेऊन. नोंदणी फी शहरात 1,000, खेड्यात 500. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. डिपॉझिट असेल तर त्यावर वर्षाला 10 टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. तिघांत वाटलं की अंगावर येत नाही. नोटरीकडे शिक्का मारून आणलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे, हे मी दिवसातून चार वेळा सांगते.

मालक लोक नोंदणीला का बिचकतात, तेही समजून घ्या. एक भीती अशी की पोरं खोली बळकावतील. ती पार खोटी आहे. लीव्ह अँड लायसन्समध्ये तुम्हाला फक्त राहायची परवानगी असते, मालकी तसूभर हलत नाही. दुसरी भीती घरपट्टीची. भाड्याने दिल्याचं दिसलं की घरपट्टी वाढेल. ती अगदीच निराधार नाही, म्हणून तिच्यावर वाद घालू नका. मी मालकीणबाईंना एवढंच सांगते, बाई, करार नसेल तर कायद्याने दंड तुम्हालाच आहे, आणि भांडण झालं तर भाडेकरू सांगेल तेच आधी खरं धरलं जातं. हे ऐकून बऱ्याच जणी आधार कार्ड काढून देतात. जी बाई तरीही नाहीच म्हणते, तिची खोली कितीही हवेशीर असली तरी स्वाधारच्या पोराने घेऊ नये.

करारावर कुणाची नावं आहेत ते डोळ्यात तेल घालून बघा. मागे आटपाडीकडची तिघं आली, एकाच खोलीत राहणारी. करार एकाच्याच नावावर. बाकीचे दोघं कागदावर त्या खोलीत राहतच नव्हते. पुन्हा मालकाकडे जा, पुन्हा फी, पुन्हा अंगठे. तेव्हा राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात हवं, आणि ते आधार कार्डावर आहे तसंच, काना-मात्रेसकट. वडिलांचं नाव एकीकडे "दत्तात्रय" आणि दुसरीकडे "दत्ता" असेल तर त्यावरून फाइल परत येते.

मालकाकडून लाइट बिलाची झेरॉक्स घ्या. इथे एक गंमत हमखास असते: बिल आजोबांच्या नावावर, आजोबा वारून दहा वर्षं झालेली, आणि करार करतोय नातू. मग घरपट्टीची चालू पावती मागा, तिच्यावर बहुतेक वेळा आताच्या माणसाचं नाव चढलेलं असतं. दोन्ही जोडा.

भाडं यूपीआयने द्या आणि शेरा लिहा, "जुलै भाडं". रोखच हवं म्हणणारा मालक असेल तर सहीची पावती. मेसवाल्याकडूनही दर महिन्याला पावती घ्या, वर्षाअखेरीला एकदम मागितलीत तर तो एकाच पेनाने दहा पावत्या लिहून देईल आणि त्या तशा दिसतातही.

खोली कुठे घ्यायची याबद्दल एक. नदीकडच्या बाजूला, मारुती चौक, कर्नाळ रोड, दत्तनगर इकडे स्वस्तात मिळते. कारण सगळ्यांना माहीत आहे. पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी, आणि 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं होतं. घेऊ नका असं म्हणत नाही, पण वरचा मजला घ्या, आणि मूळ दाखले खोलीवर ठेवूच नका. ते गावी. इथे झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन.

बाकीचे कागद भराभर सांगते. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, बोनाफाइड, कॉलेजचं हजेरीचं पत्र (75 टक्के लागते, दांड्या मारताना आठवा). तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला संपतो, तेव्हा नवा एप्रिल-मे मध्येच काढा. जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते. स्थानिक रहिवासी नाही आणि सरकारी वसतिगृहात राहत नाही, याचं शपथपत्र द्यावं लागतं. त्याला 500 चा स्टॅम्प कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. सरकारी कार्यालयात द्यायच्या शपथपत्राला मुद्रांक शुल्क 2004 पासून माफ आहे, साधा कागद चालतो. आणि वसतिगृहाचा अर्ज आधी भरलेला हवा. तिथे जागा नाही मिळाली म्हणून तर तुम्ही स्वाधारला येताय. अर्ज ऑनलाइन झाला तरी त्याची प्रिंट आणि कागद समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतील तेव्हा पोच घेतल्याशिवाय हलू नका.

आता बँक. सगळं मंजूर होऊन पैसे "गेले" दिसतात आणि खात्यात काही नाही, अशी पोरं माझ्याकडे रडवेली होऊन येतात. पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही, आधारला शेवटचं जे खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट यायला, जोडलंय त्यात जातात. आणि ते कुठलं, तर नवं सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन उघडून दिलेलं, ज्याचा पत्ताही पोराला नसतो. आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कुठलं खातं जोडलंय ते, बघा, तिथे बँकेचं नाव दिसतं. चुकीचं असेल तर आपल्या शाखेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा. केवायसी झालंय म्हणजे सीडिंग झालंय असं काउंटरवरून सांगतील, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, आणि नापास झालात तर योजना बंद. करारही 11 महिन्यांत संपतो, तो नवा करावा लागतो, जुन्यावर तारीख खोडून चालत नाही. खोली सोडताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, डिपॉझिट त्याच दिवशी खात्यावर मागा, आणि येणं-देणं काही राहिलं नाही अशी दोन ओळींची सही मालकाकडून घ्या.