आर्थिक नोंदींचे आयडी आणि व्हर्जन: या चुका टाळा

बँकेची तीच फाइल दुसऱ्यांदा लोड झाली आणि नोंदी दुप्पट झाल्या. किंवा एकाच दिवशीच्या दोन खऱ्या व्यवहारांतला एक गायब झाला. अशा वेळी लोक आधी कोडमधलं लॉजिक तपासत बसतात. माझा आग्रह आहे की आधी आयडी तपासा.

तारीख, रक्कम आणि नरेशन (स्टेटमेंटमधलं व्यवहाराचं वर्णन) जोडून की, म्हणजे नोंद ओळखायची खूण, बनवू नका. एकाच चहावाल्याला दिवसातून दोनदा वीस रुपये यूपीआयने देणारे कितीतरी लोक आहेत. तुमची सिस्टिम दुसरे वीस रुपये डुप्लिकेट म्हणून फेकून देईल. पाठवणाऱ्या संस्थेने दिलेला आयडी वापरा, पण तो कुठवर युनिक आहे हेही बघा. ओएफएक्स (बँक व्यवहारांच्या फाइलचा एक फॉरमॅट) फाइलमधला एफआयटीआयडी, म्हणजे बँकेने व्यवहाराला दिलेला आयडी, फक्त त्या खात्यापुरता युनिक असतो. म्हणून की करताना बँक, खातं आणि एफआयटीआयडी ही तिन्ही घ्यावी लागतात.

आयडी म्हणजे आकडा, असं समजून तो नंबर कॉलममध्ये ठेवणं ही तर रोजची चूक. यूपीआयचा आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, बारा अंकी असतो. त्याचा पहिला अंक म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. १ फेब्रुवारी २०२० चा आरआरएन ००३२ ने सुरू होतो. एक्सेलमध्ये उघडला की सुरुवातीची दोन शून्यं गळतात, दहाच अंक उरतात आणि बँकेच्या फाइलशी मेळ बसत नाही. २०२१ पासून पहिला अंक शून्य नाही, त्यामुळे हा दोष सध्या दिसत नाही. २०३० मध्ये तो पुन्हा डोकं वर काढेल. शिवाय वर्षासाठी एकच अंक असल्याने दहा वर्षांनी तोच आरआरएन पुन्हा येऊ शकतो, म्हणून सोबत पूर्ण तारीख ठेवा. लांब आयडींचा धोका वेगळा. एक्सेल पंधरा अंकांपुढे शून्यं भरतं आणि जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे पूर्णांकांची खात्री राहत नाही. आयडी टेक्स्टच हवा, डेटाबेसमध्येही आणि जेसनमध्येही (सिस्टिम एकमेकींना डेटा पाठवतात तो फॉरमॅट).

आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोड, हा खात्याच्या ओळखीचा कायमचा भाग धरू नका. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आणि पुढे एसवायएनबीने सुरू होणारे कोड बंद झाले. ज्यांची प्रायमरी की (डेटाबेसमधली नोंदीची मुख्य ओळख) आयएफएससी आणि खाते क्रमांक मिळून होती, त्यांच्याकडे जुनं आणि नवं खातं दोन वेगळी दिसणार. आपला आयडी अर्थहीन ठेवा, म्हणजे त्यात बँक, शाखा अशी कुठलीच माहिती गुंफू नका. आयएफएससी ‘कधीपासून कधीपर्यंत’ या तारखांसह वेगळ्या कॉलममध्ये असू द्या.

पेमेंट टाइमआउट झालं की नवा आयडी घेऊन पुन्हा पाठवणं सगळ्यात महागात पडतं. टाइमआउट म्हणजे फेल नव्हे. आधी जुन्याच आयडीने स्टेटस विचारा. पुन्हा पाठवायचंच असेल तर आयडी तोच ठेवा.

आता व्हर्जन, म्हणजे एकाच नोंदीची मूळ आणि दुरुस्त रूपं. समजा, एका नोंदीचं पहिलं व्हर्जन १५०० रुपये आणि दुरुस्त केलेलं दुसरं १०५० रुपये. नेटवर्कमुळे दुसरं आधी पोचलं. तुमच्याकडे ‘शेवटी आलेलं ते खरं’ असा नियम असेल, तर मागाहून आलेले १५०० दुरुस्ती पुसून टाकतील. वेळेवर विसंबू नका, सर्व्हरांची घड्याळं जुळतातच असं नाही. प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक द्या. मोठा क्रमांक आला तर स्वीकारा, लहान आला तर इतिहासात ठेवा. तोच क्रमांक आणि तोच मजकूर असेल तर सोडून द्या. क्रमांक तोच पण रक्कम वेगळी, असं झालं तर प्रोसेसिंग थांबवून पाठवणाऱ्याला विचारा. ओएफएक्सची पद्धत निराळी आहे: दुरुस्तीला स्वतःचा नवा एफआयटीआयडी मिळतो, सोबत जुन्याचा संदर्भ येतो आणि जुनी नोंद बदलायची की काढायची तेही सांगितलेलं असतं.

रिव्हर्सल मात्र नवं व्हर्जन नव्हे. पैसे गेले आणि परत आले, म्हणजे व्यवहार दोन, आयडी दोन. परतीच्या नोंदीत मूळ आयडीचा संदर्भ हवा. आणि आयएसओ २००२२ (आर्थिक मेसेजचं आंतरराष्ट्रीय मानक) मधल्या ‘पॅक्स.००८.००१.०८’ या पेमेंट मेसेजच्या नावातला शेवटचा ०८ मेसेजच्या फॉरमॅटचं व्हर्जन सांगतो, तुमच्या नोंदीचं नाही. फॉरमॅटचं व्हर्जन आणि नोंदीचं व्हर्जन, या दोन्हींसाठी वेगळी फील्ड ठेवा.