कोल्हापुरातला उन्हाळा कसा काढायचा: महापालिकेची चौकट नीट वाचा

एप्रिल लागला की पेपरात आतल्या पानावर तळाला एक छोटी चौकट यायला लागते, सोमवारी पाणीपुरवठा बंद. आपण आयपीएल वाचतो, राजकारण वाचतो, ती चौकट सोडून देतो आणि सोमवारी सकाळी तोंडाला साबण लावून नळ फिरवला की नळ नुसता फुस्स करतो. मग गॅलरीतनं समोरच्या वैनींना विचारायचं, "तुमच्याकडं यायलंय का पाणी?" दरवर्षी हेच. महापालिका सांगत नाही असं नाही, सांगते, खरं तिची भाषा आपल्याला वाचता येत नाही. म्हणून ही चौकट कशी वाचायची तिथंनंच सुरुवात करूया, बाकीचा उन्हाळा त्याच्या मागनं येतोय.

पहिलं काम, आपला वॉर्ड कुठला ते शोधा. हसू नका, माझ्या बिल्डिंगमध्ये बारापैकी तिघांनाच माहीत होता. सूचना कायम "ए, बी वॉर्ड व त्यास संलग्नित उपनगरे" अशी सुरू होते, आणि आपण निवडणुकीतला प्रभाग नंबर डोक्यात धरून बसलेलो असतो, त्याचा इथं काही उपयोग नाही. ए ते ई हे जुने पाच वॉर्ड. शिवाजी पेठ ए, मंगळवार पेठ बी, लक्ष्मीपुरी सी, शुक्रवार पेठ डी, शाहूपुरी आणि राजारामपुरी ई, असा ढोबळ हिशोब. घरफाळ्याच्या बिलावर लिहिलेला असतो, नाहीतर घरातल्या एखाद्या जुन्या लग्नपत्रिकेवर पत्ता बघा, त्यात वॉर्ड हमखास सापडतोय. उपनगरात असाल तर गल्लीत चावी सोडायला जो माणूस येतो त्याला गाठा आणि विचारा, दादा आमच्याकडं कुठल्या टाकीचं पाणी येतं? एकदा टाकीचं नाव कळलं की पुढं चौकटीत नुसतं ते नाव शोधायचं.

दुसरं, कुठं काम आहे ते बघा. पुईखडी, बालिंगा, शिंगणापूर ही नावं नुसती वाचून सोडू नका. काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्राला येतं, सुमारे ५३ किलोमीटरची लाइन आहे ती, दिवाळी २०२३ ला शहरात पाणी आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं आता सुटलो. खरं एवढ्या लांबच्या लाइनीत एक जोड गळला, एखादा पंप बसला, नाहीतर तिकडची वीज गेली तरी इकडं बऱ्याच भागाची बोंब होते. बालिंगा आणि शिंगणापूर म्हणजे नदीवरचा जुना उपसा. तेव्हा काम कुठं आहे त्यावरनं आपल्याला झळ बसणार का नाही ते साधारण कळतंय, दोनतीन वेळा लक्ष दिलं की अंदाज बसतो.

आणि तिसरं, जे कोणीच वाचत नाही, ती शेवटची ओळ. "दुसऱ्या दिवशी अपुरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल." भावांनो, खरा त्रास त्या ओळीत आहे! बंद सोमवारी असला तरी सोमवार निभावतो कारण टाकी भरलेली असते, मंगळवारी टाकी तळाला गेलेली आणि नळाला करंगळीएवढी धार. त्यामुळं दोन दिवसांचं नव्हे तर तीन दिवसांचं पाणी धरा. पिण्याचं माणशी तीन-चार लिटर रोजचं, ते स्वयंपाकघरात झाकून वेगळं, वापरायचं वेगळं. कपड्यांचा ढीग रविवारीच धुऊन टाका. आणि पाणी परत सुरू झालं की पहिली दहा-पंधरा मिनिटं येणारं पाणी प्यायला धरू नका, रिकाम्या लाइनीत हवा शिरते, आत बसलेला गाळ सुटतो, पाणी गढूळ येतं. ते कुंड्यांना, फरशीला वापरा. नंतरही गढूळ वाटलं तर तुरटी फिरवा, गाळ बसला की वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात घ्या, आणि उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळा. नुसती तुरटी म्हणजे जंतू मेले असं नाही, पाणी फक्त दिसायला स्वच्छ होतं.

इथं माझीच एक गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी सकाळी नळ फिरवून बघितला, पाणी नाही, तसाच उघडा ठेवला आणि कामाला गेलो. दुपारी पाणी आलं. बेसिनच्या भोकात भांड्याचा काथ्या अडकलेला. संध्याकाळी आलो तर खालच्या मजल्यावरचे काका जिन्यातच उभे, काही बोलले नाहीत, नुसतं वर बघितलं. त्यांच्या हॉलच्या छताला अजून तो नकाशा आहे, मी गेलो की तिकडं बघत नाही. तर पाणी नसलं तरी नळ बंद करून जायचं.

लाइनीला थेट मोटर लावणारे प्रत्येक गल्लीत एक-दोन असतातच. चालत नाही ते, महापालिका मोटर जप्त करते, आणि कारवाईपेक्षा वाईट म्हणजे तुम्ही ओढताय ते शेवटच्या घरातल्या म्हातारीच्या वाटणीचं. शिवाय लाइन कुठं फुटलेली असली तर मोटरच्या ओढीनं बाहेरची घाण आत येऊन तीच तुमच्या टाकीत पडणार.

आता साठवलेल्या पाण्याचं. डेंग्यूचा डास गटारात होत नाही, तो आपल्या बॅरेलमधल्या चांगल्या पाण्यात होतो, आणि अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातनं एक दिवस कोरडा पाळा म्हणतात त्याला अर्थ आहे. नुसतं पाणी ओतून परत भरू नका, अंडी बॅरेलच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात, काथ्यानं घासा. फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलरची टाकी, कुंडीखालची ताटली, गच्चीवर टाकलेला जुना टायर, ही सगळी त्यांची घरं. मोठी टाकी रिकामी करणं जमत नसेल तर तोंडाला जुन्या साडीचं कापड घट्ट बांधा. तपासायला महापालिकेच्या ताई घरी आल्या तर दारातनं परत पाठवू नका, उन्हात चार-चार मजले चढतात बिचाऱ्या, आधी पाणी विचारा मग बॅरेल दाखवा.

ऊन. कोल्हापूर म्हणजे काही विदर्भ नव्हे, खरं पारा ३८-३९ ला गेला की आपली अवस्था जास्त वाईट होते कारण सवय नाही. बारा ते चार बाहेरची कामं टाळा, डोक्याला टोपी नाहीतर ओला टॉवेल. जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाणार असाल तर पहाटे डोंगर चढा, सासनकाठी नाचवणाऱ्यांना उत्साहात तहान कळत नाही, सोबतच्यांनी आठवण करायची. उसाचा रस प्या, बर्फ घालू नका म्हणावं, कुठल्या पाण्याचा बर्फ असतोय काय सांगता येत नाही. माठ घ्यायचा तर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत चक्कर टाका, नवा माठ एक दिवस पाण्यात मुरवा, पहिलं एक-दोन वेळचं पाणी ओतून द्या, मग वापरा.

जुलाब झाले, थकवा आला तर ओआरएसचं पाकीट, ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आमटीचा नव्हे! मीठ जास्त पडलं तर उलटा त्रास होतो. आणि कोण उन्हात चक्कर येऊन पडला, अंग तापलंय, बरळायला लागला, काय विचारलं तर धड उत्तर देत नाही, तर तो उष्माघात समजा, १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा आणि वारा घाला, काखेत-मानेला ओलं फडकं. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, कांदा हुंगवत वेळ घालवू नका. सरकारी दवाखान्यात न्यायचं तर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर, आहेच.

सुट्टी लागली की पोरं पोहायला पळतात. पंचगंगेच्या घाटावर शिकलेली आपली पिढी, त्यामुळं अडवायला तोंड नसतं, खरं खणीचं, म्हणजे दगड काढून झालेल्या खड्ड्यात साचलेलं, पाणी वेगळं असतंय. नदीला उतार असतो, खणीला कडा असते, एका पावलावर कमरेएवढं आणि दुसऱ्या पावलावर ठाव नाही, तळाला गाळ. इराणी खण असो नाहीतर गावाबाहेरची एखादी, पोरांना एकटं सोडू नका. अंबाई टँक, रमणमळा असे महापालिकेचे तलाव आहेत, त्यांच्या बॅच आणि फी आधी विचारून घ्या. आणि नदीवर न्यायचंच असेल तर पाठीला फ्लोट बांधून, पोहता येणारं मोठं माणूस पाण्यात हवं, काठावर मोबाईल बघत बसलेलं नको.

कचरा पेटवू नका. कोंडाळ्याला कोणतरी काडी लावतंय आणि दुपारभर गल्ली प्लॅस्टिकचा धूर खाते. कसबा बावड्याची माणसं झूमच्या, म्हणजे तिथल्या कचरा डेपोच्या, आगीचा धूर दरवर्षी सोसतात, त्यांना विचारा. टिपर आला की ओलं-सुकं वेगळं द्या, उन्हाळ्यात ओलं दोन दिवस घरात राहिलं तर अळ्या होतात.

तक्रार करायची तर अशी करा. गळतीचा फोटो काढा, फोटोत दुकानाची पाटी नाहीतर विजेच्या खांबाचा नंबर येऊ दे, नाहीतर "आमच्या गल्लीत" यावरनं त्यांना काय कळणार. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालयं आहेत, आपलं कुठलं ते बघून तिथं द्या आणि तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय उठू नका. ग्रुपवर शिव्या घातल्या म्हणजे तक्रार झाली असं नाही. तिथं गेलाच आहात तर घरफाळा, पाणीपट्टी किती बाकी आहे ते पण विचारा, घरफाळा वर्षाच्या सुरुवातीला भरला की सवलत असते.

मे मध्ये वळीव. दुपारी चारपर्यंत घाम आणि अर्ध्या तासात आभाळ काळं, धूळ, मग गारा. झाडाखाली, होर्डिंगखाली गाडी लावू नका आणि स्वतःही थांबू नका. झाड पडलं तर १०१, वायर तुटून पडली तर जवळ न जाता महावितरणचा १९१२. तुमच्या दारातली धोक्याची फांदी परस्पर तोडू नका, उद्यान विभागाला अर्ज करा, आणि तो एप्रिलमध्येच करा, कारण मे मध्ये सगळ्या गावाचे अर्ज पडतात.

आणि दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरी, व्हिनस कॉर्नर, नागाळा पार्क, बापट कॅम्प, इथली, म्हणजे पुराचं पाणी शिरतं त्या भागातली, माणसं असाल तर तुमचा उन्हाळा मे मध्येच संपला समजा. जयंती नाल्याची सफाई कुठवर आली ते स्वतः पुलावर जाऊन बघा, काढलेला गाळ काठावरच टाकलेला दिसला तर त्याचा फोटो तेव्हाच द्या, पहिल्या पावसात तो परत आतच जातोय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट पाणी म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे पोरांना सुद्धा पाठ आहेत, खरं २०१९ आणि २०२१ ला तुमच्या घरात पहिलं पाणी आलं तेव्हा बंधाऱ्याला किती फूट होतं, ते आठवून दाराच्या मागं खडूनं लिहून ठेवा. तुमचा धोका तो. घराची कागदं, विम्याची पॉलिसी, पोरांचे दाखले एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी वरच्या मजल्यावरच्या नाहीतर पाहुण्यांच्या घरी आत्ताच नेऊन ठेवा. गाडीचा विमा कधी संपतोय ते बघा, आमच्या एका मित्राचा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात संपलेला होता.