जनावरांसाठी कायमस्वरूपी झटका कुंपण

दोन-तीन एकरांच्या वैरणीच्या तुकड्यात चार-सहा गाई मोकळ्या सोडायच्या असतील, तर झटका तारेचे कुंपण जाळीपेक्षा स्वस्त पडते. मात्र ते जनावराला बळाने अडवत नाही, तर एकदा बसलेल्या झटक्याच्या धाकाने अडवते. हा धाक तारेत झटके सोडणाऱ्या यंत्रापेक्षाही अर्थिंगवर अवलंबून असतो, जरी दुकानात बोलणे बहुधा यंत्राच्या व्होल्टचेच होते.

तारेतला प्रवाह जनावराच्या अंगातून खुरांखालच्या मातीत उतरतो आणि अर्थिंगच्या सळयांमार्गे यंत्रात परततो. उन्हाळ्यात मुरमाड जमीन सुकली, की हीच वाट बंद पडते. म्हणून दोन मीटर लांबीच्या किमान तीन गॅल्व्हनाइज्ड सळया, एकमेकींत तीन मीटर अंतर ठेवून, हौदाच्या सांडपाण्यासारख्या ओल टिकणाऱ्या जागी ठोकाव्यात. घराच्या अर्थिंगपासून त्या दहा मीटर तरी दूर असाव्यात. तपासणीसाठी यंत्र बंद करून, सळयांपासून शंभर मीटर दूर, जमिनीत ठोकलेल्या लोखंडी पहारी तारेला टेकवाव्यात आणि यंत्र पुन्हा चालू करावे. कुंपणावरचा दाब २,००० व्होल्टच्या खाली आल्यावर शेवटच्या सळईवर ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसला, तर सळया वाढवाव्यात. मोजण्यासाठी कुंपणाचाच मीटर वापरावा, घरातला टेस्टर नव्हे. एप्रिल-मेमध्ये ओल अजिबात राहत नसेल, तर तीन तारांपैकी मधली तार अर्थिंगला जोडावी, म्हणजे दोन तारांना एकदम अंग लागताच मातीच्या मदतीविना झटका बसतो.

तारांचा सगळा ताण कोपऱ्याच्या खांबांवर येतो. ते मीटरभर खोल गाडून त्यांना तिरका टेका द्यावा. भारी काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि खांब कलंडवते, त्यामुळे तेथे खड्डा अधिक खोल घेऊन काँक्रीट भरणे श्रेयस्कर. मधले खांब दहा मीटरांवर चालतात. अडीच मिलिमीटर जाडीची गॅल्व्हनाइज्ड तार वापरून सर्वांत वरची तार साधारण ९० सेंटिमीटरवर आणि वासरे असल्यास खालची ४५ सेंटिमीटरवर ओढावी. काटेरी तारेत झटका कधीही सोडू नये, कारण तीत अडकलेल्याला सुटता येत नाही.

फाटकाखालून नेण्यासाठी घरगुती वायर चालत नाही. ती १,१०० व्होल्टपर्यंतच टिकते. कुंपणासाठीचीच दुहेरी आवरणाची केबल पाइपातून न्यावी.

प्रमाणित झटका यंत्र सेकंदाला फार तर एकदा, क्षणार्धाचाच झटका देते, म्हणून तो प्राणघातक ठरत नाही. घरातली २३० व्होल्टची वीज थेट तारेत सोडणे मात्र गुन्हा आहे. अशा तारांनी माणसे, गुरे आणि विदर्भात वाघही मेले आहेत. रस्त्याच्या व पायवाटेच्या बाजूला ठळक इशारा-फलक लावावेत.

नवी जनावरे आधी भक्कम कुंपणाच्या लहान आवारात, आतल्या बाजूने एक झटका तार लावून, दोन दिवस सोडावीत. ओल्या नाकाने तार हुंगली, की ती पुढे अंतर राखतात. पावसाळ्यात खालच्या तारेला गवत टेकून दाब उतरतो, तेव्हा तारेखालचा पट्टा वरचेवर कापावा. मीटर ३,००० व्होल्टच्या खाली गेला, तर कुंपणाचा एकेक भाग जोडणीतून सोडवून बघत गळतीची जागा शोधावी आणि ती सापडेपर्यंत गुरे गोठ्यातच बांधावीत.