सदोष आखणीच्या रस्त्यावर अपघात झाल्यास शासकीय यंत्रणेची जबाबदारी कशी मांडावी

अपघाताच्या पंचनाम्यात चालकाची चूक सहज नोंदवली जाते. वळणाची आखणी, दुभाजकाचे उघडे टोक किंवा नसलेला फलक यांचा उल्लेख मात्र राहून जातो. रस्त्याची दुरुस्ती झाली की हा पुरावाही पुसला जातो. म्हणून पहिल्या काही दिवसांतच जागेची छायाचित्रे काढावीत, वळण किती अंतरावरून दिसते ते मोजावे, कठडा, फलक व रात्रीचा उजेड यांची तारखेसह नोंद ठेवावी आणि या बाबी तपासात घेण्याची लेखी विनंती पोलिसांकडे करावी.

रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा, जिल्हा परिषदेचा की महापालिकेचा, हे निश्चित झाल्यावर माहिती अधिकारात मंजूर आराखडा, रस्ता सुरक्षा तपासणीचा अहवाल, त्या ठिकाणचे पूर्वीचे अपघात आणि आलेल्या तक्रारी मागाव्यात. उत्तराची सर्वसाधारण मुदत 30 दिवसांची आहे. माझ्या मते या कागदपत्रांपैकी अपघातापूर्वी आलेली तक्रार सर्वाधिक मोलाची आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 198-अ न्यायालयाला इतर बाबींबरोबर हेही पाहायला सांगते की, रस्त्याचा तो भाग धोकादायक असल्याचे यंत्रणेला माहीत होते का, किंवा माहीत असणे वाजवीपणे अपेक्षित होते का.

या कलमाखाली केंद्राने ठरवलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास यंत्रणा, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो दंड कुटुंबाला मिळत नाही, मोटार वाहन अपघात निधीत जमा होतो. हे ठाऊक नसल्याने अनेकांची मोठी निराशा होते.

भरपाईसाठी वेगळा दावा करावा लागतो आणि तेथे निकाल एकसारखे नाहीत. दिल्लीतील घंटाघर कोसळल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली महापालिकेला जबाबदार धरले. राजकोटमध्ये रस्त्याकडेचे झाड पडून झालेल्या मृत्यूबाबत 1997 साली मात्र धरले नाही. कोणता रस्ता आधी रुंद करायचा यांसारख्या धोरणात्मक निर्णयांत न्यायालये सहसा हात घालत नाहीत, म्हणून 'रस्ता वाईट होता' असे मोघम न लिहिता कोणते मानक कोठे मोडले ते दाव्यात नेमके मांडावे.

शासनाविरुद्ध दावा करण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तातडीच्या दिलाशासाठी मात्र न्यायालयाच्या परवानगीने सूट मिळू शकते. स्थानिक संस्थांच्या कायद्यांत नोटिशीचे व मुदतीचे वेगळे नियम असू शकतात, त्यामुळे माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट न पाहता वकिलाकडून मुदत आधीच तपासून घ्यावी.