विहिरीचं पाणी, बागेची माती आणि फवारणीच्या औषधांचे अवशेष: नमुना घेण्यापासून धोका ठरवण्यापर्यंत

पाण्याच्या रिपोर्टवर ‘इमिडाक्लोप्रिड १.२ मायक्रोग्रॅम प्रति लिटर’ असं या कीटकनाशकाचं प्रमाण आलं की पहिला प्रश्न ठरलेला: हे जास्त आहे का? ते पाणी कोणासाठी आहे हे ठरवल्याशिवाय उत्तर देता येत नाही. माणूस पिणार असेल तर उत्तर एक, ओढ्यातले किडे आणि मासे त्यात जगणार असतील तर दुसरंच. आणि नमुना चुकीच्या दिवशी, चुकीच्या जागी घेतला असेल तर आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. बहुतेक रिपोर्ट प्रयोगशाळेत नव्हे, बांधावरच बिघडतात.

आधी फवारणीची वही, मग बाटली

‘सगळी औषधं तपासा’ असं लिहून नमुना पाठवू नका. प्रयोगशाळा एलसी-एमएस/एमएस आणि जीसी-एमएस/एमएस या यंत्रांवर एकाच वेळी शेकडो औषधं तपासते खरी, पण मॅन्कोझेब, ग्लायफोसेट, पॅराक्वाट आणि तांबं त्यात सापडत नाही. मॅन्कोझेब कार्बन डायसल्फाइडच्या रूपात वेगळं मोजावं लागतं, ग्लायफोसेट-पॅराक्वाटला स्वतंत्र पद्धत लागते आणि तांब्यासाठी धातूंची तपासणी. सोलापुरात हे विसरून चालत नाही. तेल्या रोगासाठी डाळिंबावर आणि डाऊनी रोगासाठी द्राक्षावर बोर्डो व कॉपरयुक्त औषधं वर्षानुवर्षं पडतात. तांबं कुजत नाही, वरच्या थरात साठत जातं.

म्हणून गेल्या दोन हंगामांची वही बघा: कोणतं औषध, किती मात्रा, फवारणी की ठिबकमधून आळवणी (मुळाशी औषध सोडणं), आणि तारीख. वही नसेल तर कृषी सेवा केंद्राची बिलं चालतात. सांगोला-मंगळवेढ्याकडे डाळिंबाची औषधं, पंढरपूर, बार्शी आणि नान्नज भागात द्राक्षाची, माळशिरस-माढ्याच्या उसात ॲट्राझीन, मेट्रिब्युझिन, टू-फोर-डी ही तणनाशकं, अशी यादी तालुक्यागणिक बदलते. मुळात न मारलेली औषधंही यादीत धरा. थायामेथोक्झाम मातीत मोडून क्लोथियानिडिन तयार होतं. एन्डोसल्फानवर २०११ मध्ये बंदी आली, पण ते मोडून बनणारं एन्डोसल्फान सल्फेट जुन्या बागांच्या मातीत शोधून बघण्यासारखं आहे.

यादीतलं कोणतं औषध विहिरीत शोधायचं आणि कोणतं मातीत, हे एका सोप्या गणिताने ठरतं. औषधाचा जमिनीतला अर्धायुकाल (निम्मं औषध मोडायला लागणारा वेळ) दिवसांत घ्या आणि त्याचा १० पायाचा लॉग काढा. मातीला चिकटण्याच्या गुणांकाचा, म्हणजे केओसीचा लॉग ४ मधून वजा करा. दोन्हींचा गुणाकार २.८ च्या वर गेला तर औषध झिरपून पाण्यात जाणारं, १.८ च्या खाली राहिला तर मातीतच बसणारं. इमिडाक्लोप्रिडसाठी अर्धायुकाल १९० दिवस आणि केओसी २२५ धरले तर उत्तर ३.७५ येतं, म्हणजे ते विहिरीत शोधायचं. क्लोरपायरिफॉससाठी ५० दिवस आणि ८००० धरले तर ०.१६ येतं, म्हणजे ते माती आणि गाळात शोधायचं.

मात्र हे गणित पाणी मातीतून सावकाश झिरपतं असं धरून चालतं. आपली काळी जमीन मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते. पहिला दणक्याचा पाऊस वरची माती औषधासकट भेगांमधून थेट खाली नेतो, त्यामुळे चिकटणारं औषधही उथळ विहिरीत दिसू शकतं. तसं दिसलं तर लगेच यंत्रावर शंका घेऊ नका.

कधी घ्यायचा

वर्षातून एकदा घेतलेल्या नमुन्यावरून काहीच ठरत नाही. किमान चार वेळा घ्या: मे अखेरीस कोरड्यात, पहिल्या वाहत्या पावसानंतर एक-दोन दिवसांत, सप्टेंबरच्या मोठ्या पावसानंतर (जिल्ह्यात खरा पाऊस याच महिन्यात पडतो), आणि ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या ऐन भरात असताना. ओढ्यासाठी दुसरी फेरी सगळ्यात महत्त्वाची. पाणी वाहून गेल्यावर आठ दिवसांनी जाऊन घेतलेला स्वच्छ नमुना खोटा दिलासा देतो.

पाण्याचा नमुना

एक लिटरची तपकिरी काचेची बाटली, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर. प्लॅस्टिकच्या बाटलीत पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं भिंतीला चिकटतात आणि रिपोर्ट कमी येतो. ग्लायफोसेटचं उलटं आहे. ते काचेला चिकटतं, त्याला पॉलिप्रॉपिलीनची बाटली लागते.

बोअर असेल तर मोटर १०-१५ मिनिटं चालवून पाण्याचं तापमान आणि क्षारता (ईसी) स्थिर झाल्यावर नमुना घ्या. पाणी टाकीच्या, क्लोरिनच्या आणि व्हेंच्युरीच्या (ठिबकमध्ये औषध ओढून सोडणारा भाग) आधीच्या नळातून हवं. व्हेंच्युरीच्या पुढचं पाणी म्हणजे ठिबकचं औषध, विहिरीचं नव्हे. क्लोरिन घातलेलं पाणीच घ्यावं लागलं तर लिटरला ८० मिलिग्रॅम सोडियम थायोसल्फेट टाका, नाहीतर ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं बाटलीतच मोडतात. नमुना बर्फात ४ अंशांवर ठेवून सात दिवसांच्या आत अर्क काढला गेला पाहिजे. एप्रिलच्या उन्हात जीपच्या डिकीत ठेवलेल्या बाटलीचं काय होतं ते सांगायला नको.

गढूळ पाणी गाळून गाळ फेकू नका. क्लोरपायरिफॉस आणि पायरेथ्रॉइड त्या गाळावरच बसलेले असतात. पाणी आणि गाळ वेगळे तपासा.

दर दहा नमुन्यांमागे एक दुबार नमुना (त्याच जागचा दुसरा) आणि एक कोरा नमुना घ्या. कोरा म्हणजे शुद्ध पाण्याची बाटली शेतात उघडून, पुन्हा बंद करून आणलेली. शेजारी ब्लोअर (फवारणीचं यंत्र) चालू असेल तर त्याचं उडालेलं औषध हीच बाटली पकडते.

मातीचा नमुना

एकरात १५-२० जागी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन ० ते १५ सेंटिमीटरची माती काढा, आणि १५ ते ३० ची वेगळी. डाळिंबात ड्रिपरखालची ओली माती आणि दोन ओळींमधली कोरडी माती एकत्र करू नका. आळवणीचं औषध पहिल्यात असतं, फवारणीचं उडालेलं दुसऱ्यात. चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा, अर्धा किलो उरेपर्यंत. खत तपासणीसारखी माती वाळवत बसू नका, तेवढ्यात औषध उडतं आणि मोडतं. ओलीच माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढून उणे २० अंशांत ठेवा. ओलाव्यासाठी वेगळी वाटीभर माती १०५ अंशांवर वाळवा आणि आकडा कोरड्या वजनावर मांडा.

तुलनेसाठी न फवारलेली जमीन लागते. मंगळवेढ्याची कोरडवाहू मालदांडी ज्वारी त्यासाठी चांगली, पण लष्करी अळीसाठी तिच्यावर काही मारलं होतं का, हे मालकाला आधी विचारा.

प्रयोगशाळेत बहुधा क्वेचर्स पद्धत वापरतात. १० ग्रॅम माती, १० मिलि पाणी, अर्धा तास भिजवणं, मग १० मिलि ॲसिटोनायट्राईल, ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ. काळ्या चिकण मातीत भिजवणं टाळलं तर द्रावक कणांच्या आत शिरत नाही आणि अवशेष कमी दिसतो. शुद्धीकरणाला पीएसए भुकटी वापरली तर टू-फोर-डी तिलाच चिकटून जातं, म्हणून उसाच्या नमुन्यांना ती नको. एवढं विचारा: एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता त्याच औषधासाठी आणि माती-पाण्यासाठी आहे का, फक्त फळांसाठी नाही ना? रिकव्हरी (मुद्दाम मिसळलेलं औषध किती परत मोजलं गेलं) ७० ते १२० टक्क्यांत आहे का? मोजण्याची किमान मर्यादा, म्हणजे एलओक्यू किती? ‘आढळलं नाही’ म्हणजे शून्य नव्हे. सरासरी काढताना तिथे एलओक्यूचा अर्धा आकडा धरा.

आकड्याचा अर्थ

आता ते १.२ मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, क्लोरपायरिफॉस ३०, ॲट्राझीन २, मोनोक्रोटोफॉस १, मिथाईल पॅराथिऑन ०.३ मायक्रोग्रॅम प्रति लिटर अशा मर्यादा आहेत. इमिडाक्लोप्रिड त्या यादीतच नाही. युरोपची सरसकट ०.१ ची मर्यादा १२ पटींनी ओलांडली जाते, पण ती मर्यादा विषारीपणावरून ठरवलेली नाही.

म्हणून हिशेब स्वतः करायचा. १० किलोचं मूल दिवसाला एक लिटर पाणी पितं असं धरा. १.२ भागिले १०, म्हणजे किलोमागे ०.१२ मायक्रोग्रॅम. रोजच्या सेवनाची सुरक्षित मर्यादा किलोमागे ६० मायक्रोग्रॅम. गुणोत्तर ०.००२. ते १ च्या खाली असावं लागतं, आणि अन्नातूनही औषध येत असल्याने पाण्याच्या वाट्याला मर्यादेच्या १० ते २० टक्केच धरतात. तरीही हे पाणी त्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे.

तेच पाणी ओढ्यात असेल तर? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पाण्यातल्या किड्यांसाठी इमिडाक्लोप्रिडची दीर्घकालीन पातळी ०.०१ मायक्रोग्रॅम धरली आहे. १.२ भागिले ०.०१, म्हणजे १२०. गुणोत्तर १ च्या वर गेलं की धोका मानतात, इथे तो उघड आहे. जिथे अशी तयार पातळी मिळत नाही तिथे प्रयोगातला सर्वांत कमी आकडा घेऊन भागतात: फक्त अल्पकाळाची माहिती असेल तर १००० ने, तीन गटांच्या जिवांवरची दीर्घकाळाची असेल तर १० ने. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन एकत्र सापडली तर तिघांची गुणोत्तरं मिळवा, कारण ती एकाच पद्धतीने मारतात.

सापडलं तर

आधी बघा, एकाच विहिरीत आहे की आसपासच्या चार विहिरींत. चारही विहिरींत कमी-अधिक सारखं असेल तर ते शेतातून झिरपतंय, आणि मात्रा व आळवणीची वेळ बदलावी लागेल. एकाच विहिरीत भरमसाट असेल तर बहुतेकदा कारण काठावरच असतं: ब्लोअरची टाकी तिथे धुतली जाते, किंवा ठिबकला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नाही. आळवणी चालू असताना लाईट गेली की पाइपातलं औषध उलटं विहिरीत ओढलं जातं. व्हॉल्व्ह बसवा, टाकी विहिरीपासून दूर धुवा, विहीर उपसा, आणि पुढच्या फेरीत त्याच नळातून, तितकाच वेळ मोटर चालवून पुन्हा नमुना घ्या.