गोमांसाच्या धडांची प्रतवारी यंत्रावर नेताना या चुका टाळा

कॅमेरा बसवला म्हणजे प्रतवारी आधुनिक झाली, ही या कामातली सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. युरोपातील प्रचलित मोजपट्टी धडाची ठेवण, म्हणजे त्याचा मांसल बांधा, एस (सर्वोत्तम) ते पी (निकृष्ट) अशा एस, ई, यू, आर, ओ, पी या वर्गांत आणि चरबीचा थर १ ते ५ या अंकांत मांडते. मांस खाताना कसे लागेल याविषयी ती काहीच सांगत नाही. तीच पट्टी निरीक्षकाऐवजी यंत्राने लावली, तर निकालात सातत्य येते, पण जो गुण आधी मोजला जात नव्हता तो नंतरही मोजला जात नाही. ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीने मात्र चव घेणाऱ्या ग्राहकांपासून सुरुवात केली आणि संपूर्ण धडाला एकच प्रत न देता प्रत्येक भागाला, त्याच्या शिजवण्याच्या रीतीनुसार, वेगळा दर्जा दिला. त्यामुळे यंत्र निवडण्याआधी भाव नेमका कशाचा द्यायचा आहे, हे ठरलेले असावे.

आकडे विसंगत येऊ लागले की दोष सॉफ्टवेअरवर ढकलला जातो. प्रत्यक्षात तो बहुधा सुरीच्या कामात सापडतो. अमेरिकेत बाराव्या व तेराव्या बरगडीच्या मधला छेद पाहतात, जपानमध्ये सहाव्या व सातव्या बरगडीच्या मधला, म्हणून या दोन ठिकाणचे मार्बलिंगचे (स्नायूत मिसळलेल्या चरबीच्या रेषांचे) अंक शेजारी ठेवून तुलना करणे व्यर्थ आहे. छेद तिरका गेला तर पाठीच्या मुख्य स्नायूचे क्षेत्रफळ फुगते आणि मांसाचा उतारा आहे त्याहून चांगला दिसतो. ताजा छेद जांभळट असतो. हवा लागून तो लाल होण्यास साधारण अर्धा तास द्यावा लागतो. घाईने घेतलेले रंगाचे वाचन यामुळेच फसवे ठरते.

पुरेसा वेळ देऊनही मांस काळपट राहिले, तर सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) तपासावा. तो ५.७ च्या वर असेल, तर कॅमेऱ्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही: लांबचा प्रवास, उपासमार किंवा अनोळखी जनावरे एकत्र कोंडल्याने आलेला ताण स्नायूतील ग्लायकोजेन (साठवलेली साखर) कत्तलीपूर्वीच संपवतो, आणि मग पुरेसे लॅक्टिक आम्ल तयार न झाल्याने सामू उतरत नाही.

वजनाचा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो, पण उत्पादकाचे पैसे तिथेच कापले जातात. मूत्रपिंडाभोवतीची चरबी काढून वजन घ्यायचे की ठेवून, छाटणी तोलण्याआधी करायची की नंतर, आणि गरम धडाच्या वजनातून थंड होताना होणारी घट किती धरायची, हे करारात लिहिलेले नसेल, तर दोन कत्तलखान्यांचे दर कागदावर सारखे दिसूनही हातात येणारी रक्कम वेगळी असते. आधी चरबी छाटून मग प्रत लावणे तर सरळ गैर आहे, कारण त्याने चरबीचा वर्गही बदलतो.

यंत्राची परीक्षा तज्ज्ञ निरीक्षकांच्या मंडळासमोर व्हावी. प्रत्येकाने स्वतंत्रपणे लावलेल्या प्रतीशी यंत्राचे निकाल ताडून पाहावेत आणि त्यात अतिशय बारीक व अतिशय चरबीयुक्त धडेही आवर्जून असावीत. मधल्या वर्गांत जवळपास प्रत्येक यंत्र उत्तीर्ण होते.